खान्देशातून म्युनिकला नवीन आलात? नॉयश्वानश्टाइनची एक दिवसाची ट्रिप अशी करा

दर सेमिस्टरला आपल्याकडची नवीन पोरं-पोरी म्युनिकला उतरतात, कोणी जळगावचं, कोणी शहाद्याचं, कोणी शिरपूरचं, आणि रूम मिळाली, बँकेचं खातं उघडलं, आनमेल्डुंग म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी झाली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, तो डोंगरावरचा पांढरा किल्ला, नॉयश्वानश्टाइन, बघायचाय, कसं जायचं? मी अमळनेरची, इथे मास्टर्स करतेय, आणि हे इतक्या जणांनी विचारलंय की एकदाच सगळं नीट लिहून ठेवते. टूर कंपनीच्या बसला पैसे देऊ नका. ही ट्रिप आपली आपण आरामात होते. फक्त एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, इथला सगळा दिवस आत जायच्या टाइम स्लॉटवर ठरतो. ट्रेन, जेवण, पूल, फोटो, सगळं नंतर. आपल्याकडे सकाळी उठलो, गाडीला किक मारली आणि लळिंगच्या किल्ल्यावर जाऊन आलो असं होतं, इथे तसं चालत नाही.

अजून घरीच असाल तर

व्हिसा आलाय, बॅगा भरून राहिले असाल, तर या ट्रिपसाठी तीन गोष्टी घरूनच आणा. एक, चांगली ग्रिप असलेले बूट, घरीच महिनाभर घालून पायाला बसवलेले. दोन, पाऊस आणि वारा दोन्ही अडवेल असं हलकं जॅकेट. आल्प्सच्या पायथ्याला हवा तासाभरात बदलते, जूनमध्येसुद्धा. तीन, आईकडून किंवा आजीकडून दशम्या करायला शिकून या. खरंच सांगते, इथे प्रवासात दशमीएवढं कामाचं काही नाही. दुधात मळलेली असते म्हणून मऊ राहते, पाणी सुटत नाही, गरम करावी लागत नाही, आणि सोबत शेंगदाण्याची चटणी असली की झालं.

आणखी एक, हे जरा मनापासून सांगतेय. निघायच्या आधी आपल्या जवळचा एखादा किल्ला बघून या. पारोळ्याचे असाल तर गावातलाच भुईकोट, खंदकासकट. धुळ्याचे असाल तर लळिंग, हायवेवरून रोज दिसतो आणि वर कोणी जात नाही. तापीकाठचं थाळनेर, जिथे फारुकी सुलतानांचं सुरुवातीचं ठाणं होतं. जमलं तर थोडं लांब बागलाणात साल्हेर. ते बघून आलात तर इथे आल्यावर काय वेगळं आहे ते डोळ्याला लगेच कळतं, नाहीतर नुसतं छान छान म्हणून फोटो काढून परत येतो आपण.

पायरी १ : आधी स्लॉट, मग तारीख

हो, असंच. आधी तारीख ठरवून मित्रांना हो म्हणून बसू नका. नॉयश्वानश्टाइनमध्ये मोकळं फिरता येत नाही, गाइडेड टूरनेच आत जाता येतं, टूर साधारण अर्ध्या तासाची असते आणि तिकिटावर तुमची नेमकी वेळ छापलेली असते. ती वेळ गेली की तिकीट गेलं, ट्रेन लेट होती हे कारण तिथे चालत नाही, आणि वर्षाला दहा लाखांहून जास्त लोक येतात तिथे तुमच्यासाठी दुसरी वेळ शोधत कोण बसणार. म्हणून आधी तिकिटाच्या अधिकृत साइटवर जाऊन कोणत्या दिवशी इंग्लिश टूरचा सोयीचा स्लॉट आहे ते बघा, मग तारीख ठरवा. उन्हाळ्यात आणि सुट्यांत काही आठवडे आधी बुक करायला लागतं. गूगलवर वर वर दिसणाऱ्या बऱ्याच साइट मधल्या लोकांच्या असतात, तेच तिकीट जास्त भावाने विकतात, तर नीट बघून.

तिकीट वीस युरोच्या थोडं वर जातं, ऑनलाइनचे बुकिंगचे पैसे वेगळे. स्टुडंटला थोडी सूट आहे, पण युनिव्हर्सिटीचं कार्ड सोबत पाहिजे. अठराच्या आतल्यांना प्रवेशाचे पैसे नाहीत, म्हणजे पुढे घरचे आले आणि लहान भाऊ-बहीण सोबत असतील तर लक्षात ठेवा, त्यांचंही बुकिंग मात्र करावंच लागतं. वीस युरो म्हटल्यावर मनात शंभराने गुणाकार सुरू होतो, सगळ्यांचाच होतो. तरी आत जाच. बाहेरून बघून परत जाणारे खूप आहेत, आणि माझ्या मते या जागेची खरी गोष्ट आतच आहे. ती पुढे सांगते.

एप्रिल ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सकाळी ९ ते संध्याकाळी ६, आणि बाकी हिवाळ्यात १० ते ४ उघडं असतं. २४, २५, ३१ डिसेंबर आणि १ जानेवारी बंद. नाताळच्या सुट्टीत प्लॅन करणाऱ्यांनी हे आधी बघा.

पायरी २ : ट्रेनचं तिकीट

म्युनिकच्या हाउप्टबानहोफवरून, म्हणजे मुख्य स्टेशनवरून, फ्यूसन या गावापर्यंत रिजनल ट्रेन जाते, साधारण दोन तास, साधारण तासाला एक. काही थेट असतात, काहींना बुखलोए किंवा काउफबॉयरनला बदलावं लागतं. तिकिटाचे तुमच्यासाठी दोनच पर्याय आहेत.

पहिला डॉइचलांड तिकीट. महिन्याचा पास, सगळ्या देशातल्या रिजनल ट्रेन, बस, ट्राम, मेट्रो त्यावर चालतात. २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ झालं आणि जानेवारी २०२६ पासून ६३. बऱ्याच युनिव्हर्सिटींच्या स्टुडंटना ते कमी पैशांत मिळतं, तर आधी आपल्या युनिव्हर्सिटीचं काय आहे ते बघा. हे असेल तर फ्यूसनची ट्रेन आणि तिथून पुढची बस दोन्ही त्यातच आलं, वेगळा एक पैसा नाही. लक्षात ठेवा, हे सबस्क्रिप्शन आहे, बंद करायचं असेल तर त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत कॅन्सल करावं लागतं, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे कटतात.

दुसरा बायर्न तिकीट (बायर्न म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे ते, इंग्लिशमध्ये बव्हेरिया), एका दिवसाचं, पाच जणांपर्यंत. जेवढे जास्त जण तेवढं प्रत्येकाला स्वस्त पडतं, म्हणून कोणाचे भाऊ-वहिनी फिरायला आले किंवा पास नसलेला ग्रुप असला की हेच घ्या. यात सगळ्यांची नावं तिकिटावर लिहावी लागतात, आणि सोमवार ते शुक्रवार ते सकाळी ९ नंतरच चालतं. शनिवार-रविवार आणि सुट्टीला रात्री १२ पासून. ही ९ ची अट विसरून कोणी वर्किंग डेला साडेआठची गाडी पकडली तर तो विनातिकीटच धरला जातो आणि दंड ६० युरो. टीसी गोड बोलतो पण पावती फाडतोच.

दोन्ही तिकिटं आयसीई, आयसी अशा फास्ट गाड्यांना चालत नाहीत. ॲपमध्ये शोधताना फक्त रिजनलचा फिल्टर लावून ठेवा, म्हणजे चुकून भलतीच गाडी दिसणार नाही.

पायरी ३ : वेळ उलटी मोजा

कागद घ्या, सगळ्यात खाली स्लॉटची वेळ लिहा आणि तिथून वर वर या. समजा स्लॉट दुपारी १ चा आहे. वर किल्ल्याच्या अंगणात पावणेएकला हजर पाहिजे. खाली गावातून किल्ल्यापर्यंत चढ आहे, पायी अर्धा ते पाऊण तास, म्हणजे बाराच्या आत चालायला लागा. फ्यूसन स्टेशनवरून किल्ल्याखालच्या होहेनश्वांगाऊ गावाला बस दहा मिनिटांत पोहोचते, पण तिची वाट बघायला आणि गर्दीत चढायला वेळ जातो, म्हणजे अकराला फ्यूसनला उतरलेलं बरं. म्हणजे म्युनिकहून नऊच्या आत निघायला हवं. आता यात एक अख्खी ट्रेन आणखी आधी पकडा. ही एक तासाची मोकळी जागा सोडाच, जर्मन रेल्वे अगदी घड्याळ लावून चालते असं आपण घरून ऐकून येतो आणि इथे आल्यावर कळतं की तसं काही नाही, रुळांची कामं चालूच असतात, गाड्या लेट होतात, कधी कॅन्सलही होतात.

यावरून कळलं असेल की बायर्न तिकिटावर वर्किंग डेला जाणार असाल तर नऊनंतर निघणार, म्हणून स्लॉट अडीच-तीनच्या आधीचा घेऊ नका. डॉइचलांड तिकीट असेल तर सकाळी लवकर निघा आणि ११-१२ चा स्लॉट घ्या. माझं मत विचाराल तर मंगळवार-बुधवारचा सकाळचा स्लॉट सगळ्यात चांगला, लेक्चर नसेल तर. शनिवार-रविवारी फ्यूसनची गाडी आपल्या भुसावळ पॅसेंजरसारखी भरते.

मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं. मोबाइल आपोआप बदलतो पण हातातलं घड्याळ बदलत नाही. आपल्याकडे हा प्रकारच नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

पायरी ४ : बॅगेत काय

छोटी बॅग घ्या. मोठी सॅक टूरवर आत नेऊ देत नाहीत. पासपोर्ट किंवा रेसिडेन्स कार्ड ओरिजिनल, झेरॉक्स नाही, कारण डॉइचलांड तिकिटासोबत फोटोवालं ओळखपत्र मागतात आणि तसंही फ्यूसनपासून ऑस्ट्रियाची बॉर्डर अगदी जवळ आहे. स्टुडंट कार्ड. किल्ल्याचं आणि ट्रेनचं तिकीट मोबाइलमध्ये डाउनलोड केलेलं, कारण डोंगरात नेटवर्क जातं. पॉवर बँक. थोडी सुटी नाणी, टॉयलेटला लागतात.

पाण्याची बाटली घरून भरून न्या, इथलं नळाचं पाणी पिता येतं. बाहेर प्लॅस्टिकची बाटली घेतली तर तिच्यावर बहुतेक वेळा २५ सेंट डिपॉझिट असतं, ती फेकू नका, परत आल्यावर सुपरमार्केटच्या मशीनमध्ये टाकली की पैसे परत.

खायला दशम्या, चटणी, घरून आणलेले केळीचे वेफर उरले असतील तर ते. रविवारी जाणार असाल तर खायचं शनिवारीच घेऊन ठेवा, रविवारी इथली दुकानं बंद असतात, स्टेशनवरची काही सोडून. किल्ल्याखाली हॉटेलं आहेत पण टुरिस्ट भाव. शाकाहारी असाल तर ब्रेत्सेल नावाचा पाव सगळीकडे मिळतो. मेनूत केझेश्पेत्सले दिसलं तर ते चीज घातलेलं मऊ शेवयांसारखं असतं, बिनमटणाचं, पण पीठ अंड्यात मळलेलं असतं, घरी अंडं न खाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, कारण मेनूवर ते शाकाहारी म्हणूनच लिहिलेलं असतं.

पायरी ५ : प्रवास

हाउप्टबानहोफवर बोर्ड वाचायला वेळ ठेवा. स्टेशन भलतं मोठं आहे, आणि काही प्लॅटफॉर्म मुख्य हॉलपासून बरेच लांब आहेत. कधी कधी गाडीचे डबे मध्येच वेगळे होऊन दोन गावांना जातात, म्हणून डब्यावर फ्यूसन लिहिलंय का ते चढताना बघा. बुखलोएच्या पुढे गेल्यावर खिडकीतून हिरवी कुरणं, गाई, मग हळूहळू समोर डोंगर उभे राहायला लागतात. शेवटच्या अर्ध्या तासात मोबाइल ठेवून बाहेर बघा.

फ्यूसन हे शेवटचं स्टेशन, चुकायची भीती नाही. बाहेर आलं की बसस्टॉप समोरच, ७३ किंवा ७८ नंबरची बस. कोणाला विचारायचीही गरज नाही, सगळी गाडी तिकडेच जाऊन राहिलेली असते.

पायरी ६ : वर चढणं

होहेनश्वांगाऊमध्ये उतरल्यावर समोर एक पिवळा किल्ला दिसतो, तो नॉयश्वानश्टाइन नाही. तो होहेनश्वांगाऊचाच, आणि त्याची गोष्ट माहिती असली की वरचा किल्ला जास्त कळतो. बायर्नचा राजा लुडविग दुसरा, ज्याने वरचा पांढरा किल्ला बांधला, त्याचं लहानपण या पिवळ्यात गेलं. त्याच्या वडिलांनी, माक्सिमिलियनने, १८३० च्या दशकात जुन्या पडक्या किल्ल्यावर तो बांधून घेतला आणि भिंतींवर जुन्या वीरांच्या, हंसाच्या गोष्टींची चित्रं काढून घेतली. ती चित्रं बघत हे पोरगं मोठं झालं, आणि खिडकीतून समोरच्या कड्यावर पडके अवशेष दिसायचे, तिथेच पुढे त्याने आपला किल्ला उभा केला.

वर जायचे तीन मार्ग. पायी, डांबरी रस्ता आहे, चढ सलग पण अवघड नाही, लळिंग चढलेल्याला काहीच नाही. दुसरा घोडागाडी, ती किल्ल्याच्या थोडं खाली सोडते, शेवटचं चालावंच लागतं. तिसरी शटल बस, ती किल्ल्यावर नाही तर त्याच्याही वर पुलाजवळ सोडते आणि तिथून उतरत किल्ल्याकडे यायचं. बर्फ किंवा निसरडं असलं की बस बंद. घरचे आले असतील, कोणाचे गुडघे दुखत असतील तर बस घ्या, तुम्ही मात्र पायी जा. आतमध्येही खूप पायऱ्या आहेत, हे आई-पप्पांना आधीच सांगून ठेवा.

पूल म्हणजे मारियनब्र्युके. फोटोत जो किल्ला बघून आपण वेडे होतो, त्यातले बरेच फोटो या पुलावरून काढलेले असतात. लुडविगच्या आईच्या नावाचा आहे, खाली प्योलाट नदीची घळ, पूल सुमारे ९० मीटर उंच. आधी लाकडी होता, लुडविगने १८६६ मध्ये लोखंडी करून घेतला. हिवाळ्यात बर्फामुळे बंद असू शकतो, तेव्हा पूल झाला नाही म्हणून दिवस वाया गेला असं समजू नका. आणि प्लीज, पुलाच्या पलीकडे चढून आणखी भारी फोटो मिळतो म्हणून लोक कुंपण ओलांडून कड्यावर जातात, तसं करू नका. बंद रस्त्याच्या पाटीचा अर्थ बंदच. आपण इतक्या लांब आलोय, घरी सगळे काळजीत असतात. काही झालंच तर इमर्जन्सी नंबर ११२.

स्लॉटला तासभर बाकी असेल तर पूल आधी करा, किल्ल्यापासून वर दहा-पंधरा मिनिटं लागतात. नसेल तर सरळ अंगणात जाऊन थांबा. पूल नंतरही तिथेच असतो, स्लॉट नसतो.

पायरी ७ : आत काय बघायचं

इथे थोडं थांबून वाचा. आत फोटो काढू देत नाहीत आणि गाइड पुढे पुढे घेऊन जातो, त्यामुळे काय बघायचं हे आधी माहिती नसेल तर अर्धा तास कधी गेला कळत नाही.

पहिली गोष्ट, हा लढायचा किल्ला नाही. कधीच नव्हता. तोफा नाहीत, बुरुज आहेत पण ते दिसायला, शत्रूसाठी नाहीत. बांधकामाचा पहिला दगड ५ सप्टेंबर १८६९ ला बसला. त्याच सुमारास, १८७० मध्ये, मुंबई ते कलकत्ता सलग रेल्वे आपल्या भुसावळवरून धावायला लागली होती. म्हणजे हा रेल्वेच्या काळातला किल्ला आहे, आपलं थाळनेर आणि लळिंग याच्याहून कितीतरी शतकं जुने. दिसतो मात्र हजार वर्षं जुना. त्याचं डिझाइन आधी क्रिस्टियान यांक नावाच्या माणसाने काढलं, आणि तो नाटकाचे पडदे, स्टेजचे सेट रंगवणारा चित्रकार होता. हे कळल्यावर पूर्ण किल्ला वेगळाच दिसायला लागतो.

मग प्रश्न पडतो, राजाला असं का करावंसं वाटलं. लुडविग १८६४ मध्ये अठराव्या वर्षी गादीवर बसला. दोनच वर्षांनी, १८६६ मध्ये, ऑस्ट्रियाच्या बाजूने लढून बायर्न प्रशिया या दुसऱ्या जर्मन राज्याकडून हरलं, आणि १८७१ मध्ये जर्मन साम्राज्य झालं तेव्हा बायर्नचा राजा नावाला राजा राहिला, मोठे निर्णय बर्लिनला. ज्याला खरं राज्य करता येत नव्हतं त्याने डोंगरावर स्वतःचं जग बांधायला घेतलं, जिथे जुन्या काळातल्यासारखं तोच सगळं ठरवेल. मला ही गोष्ट वाईट वाटायला लावते, आणि आत फिरताना ते वाईट वाटणं सोबत असावं असं मला वाटतं.

सिंहासनाचा हॉल नीट बघा. दोन मजले उंच, सोनेरी, बायझंटाइन म्हणजे जुन्या पूर्व रोमन साम्राज्यातल्या चर्चसारखा, खाली मोझेकची जमीन, तिच्यात प्राणी आणि झाडं. वर मुकुटाच्या आकाराचं झुंबर. आणि पायऱ्या चढून जिथे सिंहासन पाहिजे तिथे काहीच नाही. ते बसवायच्या आधीच राजा गेला. गाइड पुढे निघाला तरी एक मिनिट त्या रिकाम्या जागेकडे बघा.

बेडरूममध्ये ओकच्या लाकडावरचं कोरीवकाम, आणि वॉशबेसिनला हंसाच्या आकाराचा नळ. त्या नळाला खरंच पाणी यायचं. वरच्या झऱ्यातून किल्ल्यात वाहतं पाणी आणलं होतं, नोकरांना बोलवायला विजेची घंटा, गरम हवेची हीटिंग, जेवण वर पाठवायला लिफ्ट, वरच्या मजल्यांवर टेलिफोनसुद्धा. सिंहासनाच्या हॉलच्या मागे लोखंडी सांगाडा लपवलाय, सगळं विटांचं आणि वरून दगड. इंजिनिअरिंगवाल्यांनो, हे तुमच्यासाठी आहे. बाहेरून वीरांच्या काळातलं आणि भिंतीच्या आत त्या काळातली सगळ्यात नवी टेक्निक. स्वयंपाकघर टूरच्या शेवटी येतं, लोक कंटाळून पटकन बाहेर पडतात, तुम्ही नका पडू. मांस भाजायची सळई चुलीच्या धुराड्यातल्या गरम हवेच्या जोरावर आपोआप फिरायची, ती व्यवस्था अजून दिसते.

अभ्यासिका आणि बैठकीच्या खोलीच्या मध्ये एक खोटी गुहा पण आहे, रंगीत दिवे लागायचे अशी. आणि सगळ्यात वर गायकांचा हॉल, रिचर्ड वागनर या संगीतकारासाठी राजा जीव टाकायचा, भिंतींवर त्याच जुन्या गोष्टी रंगवल्यात. राजाच्या हयातीत तिथे कार्यक्रम झाला नाही, आणि वागनर १८८३ मध्ये गेला, त्याने हा किल्ला पाहिलाच नाही.

शेवट असा, की बांधकामासाठी राजाने कर्जावर कर्ज काढलं, आणि जून १८८६ मध्ये मंत्र्यांनी डॉक्टर गुडेनचा रिपोर्ट घेऊन त्याला वेडा ठरवलं, रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टरने त्याला तपासलंही नव्हतं. याच किल्ल्यातून त्याला ताब्यात घेतलं. १३ जूनला म्युनिकजवळच्या श्टार्नबर्ग तळ्यात राजा आणि तोच डॉक्टर, दोघांचे मृतदेह सापडले. राजा चाळिसाव्या वर्षी गेला, आणि कसा, हे आजपर्यंत नक्की झालं नाही. जो किल्ला त्याने परक्या माणसाला दाखवायचा नाही म्हणून बांधला होता, तो सात आठवड्यांत, १ ऑगस्ट १८८६ ला, तिकीट लावून लोकांना उघडला. थोडक्याच खोल्या पूर्ण झाल्या होत्या, एक अख्खा मजला आजही तसाच अर्धवट आहे.

अजून एक, आपल्या अभिमानाची गोष्ट. जुलै २०२५ मध्ये पॅरिसला युनेस्कोचं अधिवेशन झालं, त्यात लुडविगचे राजवाडे जागतिक वारसा झाले, आणि त्याच अधिवेशनात आपले शिवकालीन किल्ले पण झाले, बारा किल्ले, त्यात आपल्या शेजारचा साल्हेर. जिथे १६७२ मध्ये मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं तो. इथले जर्मन मित्र सोबत असतील तर त्यांना सांगा, मोबाइलवर साल्हेरचा फोटो दाखवा, त्यांना खूप कुतूहल असतं.

पायरी ८ : उतरल्यावर

लगेच बस पकडू नका. पाच मिनिटांवर आल्पझे नावाचं तळं आहे, पाणी एकदम स्वच्छ, काठावर बसून डबा खायची हीच जागा. पूर्ण फेरी मारायची तर दीड-दोन तास काढा. दिवस मोठा असेल तर नक्की मारा, अर्धीअधिक गर्दी किल्ल्यापाशीच राहते आणि इथे फक्त झाडं आणि पाणी.

घरी व्हिडिओ कॉल करायचा असेल तर तो इथूनच करा, पुलावरून नको, तिथे धक्काबुक्की असते. भारत उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास पुढे आहे, म्हणजे इथले दुपारचे तीन-चार वाजले की घरी संध्याकाळचा चहा झालेला असतो, आजी-आजोबा जागे असतात, पप्पा शेतातून किंवा दुकानातून आलेले असतात. पाच मिनिटं काढा आणि त्यांना तळं, डोंगर सगळं फिरवून दाखवा.

वेळ उरला तर फ्यूसन गावातही फिरा, रंगीत घरं, जुने रस्ते, लेख नदी. बहुतेक जण स्टेशनवरून स्टेशनवर जातात आणि हे गाव राहून जातं. हिवाळ्यात साडेचारलाच अंधार पडतो, तेव्हा तळं किंवा गाव यापैकी एकच धरा.

परतीची गाडी सकाळीच बघून ठेवा, आणि शेवटच्या गाडीवर कधीच अवलंबून राहू नका, ती कॅन्सल झाली तर फ्यूसनला रात्र काढायची वेळ येते आणि तिथलं हॉटेल स्टुडंटच्या खिशाला झेपणारं नाही. संध्याकाळी पाच-सहाच्या गाडीला सगळा किल्ला एकदमच येतो, स्टेशनवर दहा-पंधरा मिनिटं आधी गेलात तर बसायला मिळतं.

खर्चाचं सांगायचं तर पास असेल, डबा घरचा असेल आणि वर पायी गेलात तर तीस युरोच्या आत दिवस होतो.

आणि हे सगळं बघून कोणी म्हणालं की मला खराखुरा लढाईचा किल्ला पाहिजे, तटबंदी, दरवाजे, तर त्याने पुढच्या सुट्टीत त्याच पासवर बुर्गहाउझेन करावं. तेही बायर्नमध्येच, ऑस्ट्रियाच्या बॉर्डरवर, डोंगराच्या कण्यावर एक किलोमीटरहून जास्त लांब पसरलेला, एकामागे एक अंगणं आणि दरवाजे, १०५१ मीटर लांबी म्हणून जगातला सगळ्यात लांब किल्ला म्हणतात त्याला. म्युनिकहून म्युलडोर्फला गाडी बदलायची. तिथे बाहेरची अंगणं मोकळी आहेत, स्लॉटची घाई नाही, वाटेल तेवढं फिरा.